लाइव्ह सीडीची वर्षं

एका सीडीत सातशे मेगाबाइट मावतात. एवढा ऐवज ५६ केच्या डायल-अप मोडेमवरून उतरवायचा, तर मोडेम एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालला असं धरूनही अठ्ठावीस तासांच्या वर लागतात. मोडेम पूर्ण वेगाने कधीच चालत नसे. शिवाय एवढा वेळ घरचा फोन अडकून राहणार, मध्येच लाइन तुटणार आणि त्यात भारनियमन. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखालच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात बसून कुणाला लिनक्स पाहायची हौस आली, तर ती इंटरनेटवरून भागणं अशक्य होतं. लिनक्स यायची ती सीडीवर, मासिकाबरोबर किंवा पोस्टाने.

दुसरी अडचण सीडी हातात आल्यावर सुरू व्हायची. तेव्हा घरातला कॉम्प्युटर एकट्याचा नसे. वडिलांनी कर्ज काढून घेतलेला असे, किंवा मामांचा, नाहीतर इन्स्टिट्यूटचा. तालुक्याच्या गावी कुणीतरी सुटे भाग जोडून दिलेला असे आणि त्यानेच वर ‘विंडोज टाकून’ दिलेली असे. लायसन्सचा विषय निघत नसे. नवीन काही टाकायचं म्हणजे ‘फॉरमॅट मारायचा’, आणि फॉरमॅट मारला की लग्नाचे फोटो, गाणी, सोसायटीचे हिशेब, सगळं जायचं. म्हणून लिनक्स आवडेल की नाही हे ठरवायला आधी मशीन पुसावं लागे, आणि मशीन पुसायची परवानगी कुणी देत नसे.

हा पेच लाइव्ह सीडीने सोडवला. आज हे सांगताना फार क्षुल्लक वाटतं, कारण पेनड्राइव्हवर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम घेऊन फिरणं नवलाचं राहिलेलं नाही. तेव्हा मात्र सीडी टाकून मशीन सुरू केलं आणि दहा मिनिटांत वेगळाच डेस्कटॉप समोर आला, की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “माझं विंडोज गेलं का?” नाही गेलं. सीडी काढा, मशीन परत सुरू करा, सगळं जागच्या जागी आहे.

कल्पना तशी जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या अॅडम रिक्टरने १९९२च्या डिसेंबरात यग्ड्रासिल नावाचं लिनक्स काढलं, ते सीडीवरून थेट चालत असे. पण तेव्हाचे सीडी ड्राइव्ह इतके संथ की चालवून पाहणाऱ्याची हौस फिटे. गोष्ट खऱ्या अर्थाने वापरात आणली ती क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याने. त्याच्या क्नॉपिक्सची पहिली आवृत्ती ३० सप्टेंबर २००० रोजी आली. डेबियनवर बेतलेली ही सिस्टिम दोन जीबीच्या आसपासची सॉफ्टवेअर दाबून सातशे एमबीत बसवत असे आणि लागेल तेवढाच तुकडा वाचताना उलगडत असे. त्यासाठी वापरलेला ‘क्लूप’ हा भाग मूळ रस्टी रसेल या कर्नल प्रोग्रॅमरचा. सीडीवर लिहिता येत नाही, तेव्हा जे काही लिहायचं, म्हणजे सेटिंग, तात्पुरत्या फाइली, उघडलेली पानं, ते सगळं रॅममध्ये. हार्ड डिस्कला हात लावायचाच नाही.

पण क्नॉपिक्सचं खरं मोठेपण हार्डवेअर ओळखण्यात होतं. त्याआधी लिनक्स बसवताना मॉनिटरचा रिफ्रेश रेट, माउसचा प्रकार, साउंड कार्डाचा आयआरक्यू असे प्रश्न यायचे, आणि त्यांची उत्तरं असेंबल करणाऱ्यालाही ठाऊक नसायची. क्नॉपिक्स स्वतःच चाचपून बघे. कुठल्याही अनोळखी मशीनवर, कुणालाही न विचारता, चित्र पडद्यावर आणणं ही त्या काळात मोठीच करामत होती. मशीन बंद केलं की सीडीचा ट्रे आपोआप बाहेर येई. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना तो आवाज अजून आठवत असेल.

आता या सीड्या आपल्यापर्यंत पोचायच्या कशा? ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६पासून अंकाबरोबर लिनक्सच्या सीड्या द्यायला सुरुवात केली. त्यामागचा मुख्य माणूस अतुल चिटणीस. हे नाव मराठी वाचकांना अधिक माहीत असायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. जर्मनीत जन्मलेले, बेळगावात शिकलेले मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे बंगळुरात स्थायिक. तिथे २००१ साली सुरू झालेली ‘लिनक्स बंगलोर’ ही परिषद, जी नंतर ‘फॉस डॉट इन’ झाली, तिच्या उभारणीत ते आघाडीवर होते. ३ जून २०१३ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते गेले. भारतात चाळिशी-पन्नाशीत असलेल्या लिनक्सवाल्यांना विचारलं, तर पुष्कळांची पहिली सीडी पीसीक्वेस्टच्या प्लॅस्टिक पाकिटातली निघेल. फेब्रुवारी २००३मध्ये ‘लिनक्स फॉर यू’ हे स्वतंत्र मासिक निघालं, तेही सीडीसकट. रेल्वे स्टेशनवरच्या बुक स्टॉलवर हे अंक मिळत. घाटाखालच्या लोकांना मलकापूरचं स्टेशन म्हणजे मुंबई-नागपूर मार्गावरचा दरवाजाच.

मग २००४च्या ऑक्टोबरात उबुंटू आलं आणि त्याबरोबर ‘शिपइट’. वेबसाइटवर पत्ता भरायचा, काही आठवड्यांनी पोस्टमन पाकीट आणून देणार. सीडीचे पैसे नाहीत, टपालखर्चही नाही. सुरुवातीच्या पाकिटात दोन सीड्या असत, एक चालवून बघायची आणि एक बसवायची. इंटरनेट कॅफेत अर्धा तास बसून पत्ता भरला की पुढचं सगळं काम पोस्टाचं. कुठलाही पिनकोड चाले. फुकट सॉफ्टवेअर अनेकांनी दिलं, पण ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याच्या दारात ते नेऊन देण्याचा खर्च सोसणारा मार्क शटलवर्थच निघाला. यामागे व्यापारी हिशेब असेल, असूदे.

ब्रॉडबँड आल्यावरची एक गंमतही नोंदवण्यासारखी आहे. २००४च्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस अशी केली. बीएसएनएलच्या लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड अमर्याद असे. २५६च्या वेगाने सातशे एमबी उतरायला लागतात सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं. म्हणजे एका रात्रीत एक सीडी जेमतेम न होण्याचीच ती सोय होती. लोक दोनचा गजर लावत, डाउनलोड चालू करून झोपत, आणि राहिलेला तुकडा दुसऱ्या रात्री उतरवत.

भारनियमनाच्या गावांत लाइव्ह सीडीचा आणखी एक गुण होता. चालू कॉम्प्युटरची वीज अचानक गेली की जुन्या विंडोजवर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू व्हायचं आणि कधीकधी फाइली खराब झालेल्या असायच्या. यूपीएस असला तरी दहा-पंधरा मिनिटांचा. लाइव्ह सीडीवर वीज गेली तर? काही नाही. डिस्कवर काही लिहिलंच जात नव्हतं, तर बिघडणार काय? वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. अर्थात मधलं कामही गेलेलं असे, ते सोडा.

तिचा सगळ्यात प्रामाणिक उपयोग मात्र वेगळाच झाला. पेनड्राइव्हमधून पसरणाऱ्या व्हायरसांनी विंडोज उघडेनाशी केली की दुरुस्तीवाला क्नॉपिक्सची सीडी टाकायचा, हार्ड डिस्क नुसती वाचायची म्हणून उघडायचा, आणि फोटो-हिशेब पेनड्राइव्हवर काढून घ्यायचा. मग फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज. एनटीएफएस प्रकारच्या डिस्कवर लिनक्समधून बिनधोक लिहिणं २००७मध्ये एनटीएफएस-थ्रीजी आल्यावर सोपं झालं, पण वाचवण्यासाठी वाचता आलं तरी पुरे होतं. म्हणजे लिनक्सची सीडी जिथे रोज वापरात होती, तिथे ती विंडोज परत उभी करण्याकरता होती.

आता मराठीकडे. मला या सगळ्या इतिहासात रस आहे तो इथे.

तोवर महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटरवर मराठी म्हणजे मुख्यतः डीटीपीची मराठी. लग्नपत्रिका, बॅनर, दिवाळी अंक, तहसीलसमोरचे अर्ज. त्यासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी किंवा सी-डॅकची सॉफ्टवेअर. ही मराठी फॉन्टला बांधलेली होती. आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरांची खूण-चिन्हं आणि वर चढवलेला असे मराठी मुखवटा. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी अगदी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१पासून होती. पण तक्त्यात जागा असणं वेगळं आणि पडद्यावर जोडाक्षर नीट उमटणं वेगळं. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ ओळीने आले की ‘क्ष’ काढायचा, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी दाखवायचा, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा, हे सगळं कुणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहावं लागतं, आणि फॉन्टमध्येही ती अक्षरं असावी लागतात.

लिनक्सच्या बाजूने हे काम उभं राहिलं ते थोड्या माणसांच्या जिद्दीवर. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेला इंडलिनक्स प्रकल्प, त्याचं बरंचसं तांत्रिक ओझं उचलणारा जी. करुणाकर, आणि रतलामसारख्या गावात वीज मंडळाची नोकरी सांभाळून हजारो वाक्यांचं हिंदी भाषांतर करणारे रविशंकर श्रीवास्तव. त्यांना नेटवर ‘रवि रतलामी’ म्हणूनच ओळखतात. इंडलिनक्सने ‘रंगोली’ नावाची भारतीय भाषांची लाइव्ह सीडीही काढली. बंगालीत ‘अंकुर’ गटाने तसंच केलं. एखाद्या भाषेत डेस्कटॉप आलाय हे पटवायला भाषण करून भागत नाही, दाखवावं लागतं. लाइव्ह सीडी हे त्या भाषांतरकारांचं फिरतं प्रदर्शन होतं.

फॉन्टची गोष्ट पुण्यातली आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. २००४मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ नावाचे फॉन्ट जीपीएल परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरून. सुरुवातीला बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि तमिळ असे पाच. हे फॉन्ट मुळात तयार केले होते मॉड्युलर इन्फोटेकने. म्हणजे ज्या पुण्यातल्या घराची अक्षरं गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत कुलपात राहत होती, त्याच घरात घडलेली दुसरी अक्षरं आता कुणीही कॉपी करावीत, बदलावीत, वाटावीत अशी मोकळी झाली. पुढची अनेक वर्षं जवळजवळ प्रत्येक लिनक्स सीडीवर देवनागरी दिसायची ती लोहितमध्येच.

यादीत मराठी नव्हती, हे लक्षात आलं असेल. देवनागरी म्हणजे हिंदी, मराठीचं त्यात भागेल, असा जगभरच्या प्रोग्रॅमरांचा समज, आणि दिल्लीच्याही पुष्कळांचा. भागत नाही. मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’ यांची वळणं हिंदीहून वेगळी आहेत. हे एक वेळ चालवून घेता येईल, वाचता तर येतं. पण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक दिसला नाही, तर गुरू आणि स्वयंपाकी एका पंगतीत बसतात. तो चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा र हिंदीत नाही, त्यामुळे हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये किंवा अक्षरजुळणीत तो निसटायचा. ‘अॅ’ची तऱ्हा आणखी न्यारी. मराठीत बँक, कॅमेरा हे चालून जात, कारण तिथे चंद्र व्यंजनावर आहे. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘अ’वर चंद्र द्यायचा तर युनिकोडात त्यासाठी अक्षरच नव्हतं. ‘अ’ आणि चंद्र असे दोन तुकडे जोडले की काही सिस्टिमवर ते जुळत आणि काहींवर मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ येई. ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली ती युनिकोड ५.१मध्ये, २००८ साली. आजही दोन्ही प्रकार नेटवर सरमिसळ सापडतात, त्यामुळे एकाने शोधलं तर दुसरं सापडत नाही, असं होतं.

या खोडी सापडल्या कशा? कुणीतरी मराठी माणसाने पडद्यावर पाहिल्या म्हणून. आणि पाहायला मिळाल्या त्या फुकट सीडीमुळे. चूक दिसली की कळवता येत होती, येत असेल तर स्वतः दुरुस्त करता येत होती. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून मराठी भाषांतराचं पुष्कळ काम झालं, काही माणसांनी नोकरी म्हणून आणि काहींनी नोकरीनंतर. शब्दांवरून वाद झाले. ‘फाइल’च ठेवायची की ‘संचिका’ म्हणायचं? ‘पासवर्ड’ की ‘परवलीचा शब्द’? २००८पासून ‘फ्युएल’ या प्रकल्पात वारंवार लागणारे शब्द प्रत्येक भाषेत एकत्र बसून ठरवायची पद्धत आली. फायरफॉक्सच्या मराठीत ‘बुकमार्क’ला ‘वाचनखूणा’ केलंय, ते मला फार आवडतं. काही शब्द मात्र सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखे होते, आणि ते वाचून माणूस गुपचूप इंग्रजीकडे परतायचा.

एवढं सगळं असून लिनक्स मशीनवर बसली का? थोड्यांच्या.

१ जून २००६ला उबुंटू ६.०६ आलं आणि दोन सीड्यांची एक झाली. लाइव्ह चालवा, आवडलं तर डेस्कटॉपवरच्याच चित्रावर क्लिक करून बसवा. चालवणं आणि बसवणं यांतली भिंत पडली असं तेव्हा लिहिलं गेलं. पण त्यासाठी २५६ एमबी रॅम हवी, आणि गावातल्या मशीनला असायची १२८. कमी रॅमवाल्यांसाठी अक्षरी पडद्यावरून बसवायची ‘अल्टरनेट’ सीडी वेगळी होती, म्हणजे ज्याला आधी बघून मग ठरवायचं होतं त्याला बघणंच नाही. पार्टिशन करण्याच्या पायरीवर ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय सगळ्यात वर आणि सगळ्यात सोपा दिसे. तो दाबला की इतके दिवस लाइव्ह सीडीने जपलेलं सगळं एका क्लिकमध्ये गेलं. विंडोजशेजारी बसवून नंतर लिनक्सचं पार्टिशन उडवलं, तर बूट करणारा ग्रब अधांतरी लोंबकळे, आणि कॉम्प्युटर सुरूच होत नसे. मग पुन्हा दुरुस्तीवाला.

ज्यांचं नीट बसलं त्यांची गाडी पुढे अडे. गाणं लावलं तर एमपीथ्री वाजत नाही, कारण पेटंटच्या भानगडीमुळे तो कोडेक सीडीवर देता येत नव्हता. नेटवरून घ्यावा, तर मशीनमधला स्वस्त मोडेम विंडोजशिवाय चालत नसलेला. श्री-लिपीतली फाइल उघडत नाही. आणि नोकरीसाठी लागणारं सर्टिफिकेट एमएस-सीआयटीचं. २००१मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासक्रमाने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत कॉम्प्युटर नेला, हे निर्विवाद. सरकारी नोकरीत त्याची सक्ती असल्याने म्हाताऱ्या तलाठ्यापासून नव्या शिक्षकापर्यंत सगळे माउस धरायला शिकले. पण शिकले ते विंडोज आणि ऑफिस. त्यातलं ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट, तरी कित्येकांना ते मायक्रोसॉफ्टच वाटत असे, आणि अभ्यासक्रमापुरतं बोलायचं तर ते फारसे चुकत नव्हते.

केरळने उलट केलं. तिथल्या आयटी-अॅट-स्कूल प्रकल्पाने दहावीची आयटीची परीक्षाच मुक्त सॉफ्टवेअरवर आणली आणि त्यासाठी हजारो शिक्षक तयार केले. तिथे लिनक्स हौशी पोराच्या हातातल्या सीडीवर अवलंबून राहिली नाही. आपल्याकडे तुरळक प्रयोग झाले. रायगड जिल्ह्यात खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, लिनक्सवर चालणारे. मुलं मराठी बोलणारी, यंत्रं स्वस्त, आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे नागार्जुन पाठीशी. सी-डॅकचं ‘बॉस’ त्याच वर्षी आलं, मराठीसकट. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत ऐकायला मिळतात. पण राज्य म्हणून निर्णय झाला नाही, आणि निर्णय नसताना सीडीने किती करायचं?

२०११च्या एप्रिलमध्ये शिपइट बंद झालं. पुढच्या वर्षी उबुंटूची प्रतिमा सातशे एमबीत मावेनाशी झाली. लॅपटॉपमधून सीडी ड्राइव्हच गेले. आता ज्याला बघायचं असेल तो पेनड्राइव्ह वापरतो.

त्याच २०११च्या अखेरीस अँड्रॉइड ४.० आलं, आणि अँड्रॉइडवर मुळातूनच देवनागरी दिसू लागली. त्याआधीच्या फोनवर मराठी मेसेज म्हणजे ओळीने चौकोन. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच कर्नल आहे, हे आता शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. कमी लोकांना माहीत असतं ते अक्षरांबद्दल. लिनक्सच्या दोन मोठ्या डेस्कटॉपांवर, ग्नोमच्या पँगोत आणि केडीईच्या क्यूटीत, जोडाक्षरं जुळवण्याचं जे काम चालू होतं, त्याचे धागे एकत्र येऊन ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी झाली. बेहदाद एस्फाहबोद या इराणी प्रोग्रॅमरने तिला घडवलं आणि नाव दिलं फारसीत. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडं. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड या सगळ्यांत अक्षरं जुळवायचं काम आज तीच करते.

धामणगाव बढेच्या बाजारात उभं राहून कुणी फोनवर ‘कापसाचा भाव’ टाइप करतो, किंवा बायको ‘येताना ऱ्हस्व-दीर्घाची वही आणा’ असं मुलीच्या शाळेसाठी कळवते, तेव्हा तो ‘ऱ्ह’ जोडला जातो हार्फबझमध्ये. लाइव्ह सीडी त्या घरात कधी आली असेल-नसेल. सीडी काढल्यावर सगळं पुसलं जायचं खरं, पण मराठी माणसांनी कळवलेल्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या पुसल्या गेल्या नाहीत. त्या कोडमध्ये आणि फॉन्टमध्ये राहिल्या. लोहितच्या आणि ग्नोमच्या फाइली उघडल्या, तर कोण्या साली कुणी काय बदललं, हे अजून ओळीनुसार वाचता येतं.